मागची चार पॅलेट

रविवारी सकाळी नोएच्या आईनं मशीन सोडायचं ठरवलं, तेव्हा मी आमच्या छोट्या इत्सेलला मांडीवर आडवी घेऊन तिच्या कानात औषधाचे थेंब घालत होते. त्यामुळे त्या काय म्हणाल्या ते पहिल्यांदा मी अर्धवटच ऐकलं. इत्सेल किंचाळत होती, रेडिओ चालू होता आणि नोए सिंकपाशी उभ्याउभ्या कॉफी संपवत होता.

“झालं आता,” आमा पुन्हा म्हणाल्या. “धुऊन धुऊन माझ्या रक्ताचा रंगसुद्धा उतरला असेल. मला त्या खुर्चीत परत बसायचं नाही.”

माझा नवरा नोए आईला आमा म्हणतो म्हणून मीही म्हणते. त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन बरीच वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पहिली पाळी. दंडात दोन जाड सुया, चार तास खुर्ची, मग घरी येऊन उरलेला दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. हल्ली मध्येच रक्तदाब कोसळायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे. फळं निवडायच्या पट्ट्याशी जिनं उभं आयुष्य काढलं आणि कधी पाय दुखतात म्हणून बसली नाही, ती बाई त्या खुर्चीत लहान मुलासारखी रडायची. मशीन बंद केलं की माणूस किती दिवस काढतं हे मला माहीत होतं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले. त्याचा उपयोग एवढाच, की घरात काय वाईट होऊ शकतं हे मला बाकीच्यांच्या आधी कळतं. आठवडा. फार तर दहा दिवस.

नोएनं कप खाली ठेवला. “मी आज ट्रकमध्ये माल घेत नाही. कळवतो त्यांना.”

“का? उशाशी बसून माझ्या माश्या हाकणारेस?”

“आमा!”

“प्रेमिकांचा दिवस तोंडावर आलाय, सगळ्यांना स्ट्रॉबेरी हवी. या आठवड्यात एकदा नाही म्हटलंस की शेडवाले पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तुझं नाव विसरतील. मला शिकवू नकोस. जा, टाकून ये माल. कधी येशील?”

“आज चढला तर गुरुवारी सकाळी बॉस्टनला रिकामा. परतीचा माल घेत नाही, तसाच येतो. पुढच्या सोमवारी दारात.”

“तुझा बापही असाच वार सांगायचा. तुझ्या जन्माला येतो म्हणाला आणि बाप्तिस्म्याला पोचला.” त्यांनी थोडा वेळ बोटांनी टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा केले. “बरं. तू येईपर्यंत जाते मी मशीनवर. तुझा ट्रक दारात दिसला की बंद. मग मला सकाळी कोणी उठवायचं नाही.”

असा तो करार झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तीन खुर्च्या. नोएनं वाकून डोकं पुढे केलं, आमांनी त्याच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला आणि तो गेला.

दुपार उलटून गेली तरी त्याचा निघाल्याचा फोन नाही. इत्सेलला गाडीत घालून मी डबा घेऊन शेडवर गेले. सीमेवरच्या आमच्या मॅकॲलनमध्ये असली शेडं ओळीनं उभी आहेत. नदीपलीकडून पुलावरून माल येतो, शेडात थंड होतो, आणि आमच्यासारख्यांच्या ट्रेलरमधून उत्तरेला जातो. नोए रांगेत होता. ट्रेलर आधीच गार करून ठेवलेला, पुढच्या थंडीच्या यंत्राची घरघर चालू, आणि स्वतः पायरीवर बसून दारांकडे बघत होता.

“पुलावर अडकलाय माल,” तो म्हणाला. “तपासणीवाल्यांना आजच हुक्की आली.”

शेडचा मुकादम चुय तिकडून येता येता ओरडला, “काय वहिनी, नवरा पळून गेला का ते बघायला आलात? इथेच आहे, माझ्या उरावर बसलाय. सकाळपासून सतरा वेळा विचारून झालं.”

“मग दे की त्याला माल. त्याचा सुटेल जीव आणि तुझाही.”

“माल काय माझ्या खिशात आहे? स्ट्रॉबेरी म्हणजे नवरी हो. तिचं आवरून झाल्याशिवाय ती बाहेर येत नाही.”

नवरी आली ती ऊन कलल्यावर. पुलावर उभी राहून राहून पेट्या कोमट झाल्या होत्या. चुयनं त्या वाऱ्याच्या खोलीत लावल्या. तिथे मोठे पंखे पेट्यांमधून गार वारा ओढतात आणि फळ आतून थंड होतं. हे करावंच लागतं, कारण ट्रेलर फक्त थंडी राखतो. गरम आत गेलेलं फळ ट्रेलरमध्ये थंड होत नाही, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

पॅलेटमागून पॅलेट, लाकडी पाटांवर रचलेल्या पेट्यांच्या चळती, चढत गेली. नोए प्रत्येकातली एक पेटी उघडून फळात थर्मामीटर खुपसून बघत होता. चौतीस, चौतीस, पस्तीस फॅरनहाइट, म्हणजे गोठण्याच्या जरासं वर. शेवटची चार पॅलेट राहिली तेव्हा चुयनं हात आडवा केला.

“ही सकाळी.”

“किती डिग्री आहेत?”

“चव्वेचाळीस. खोली भरलीय, नोए. ही मघाशीच लावलीत. रात्रभर राहू दे, उजाडल्यावर चढवतो. तू पण झोप काढ.”

“उजाडल्यावर नाही. आत्ता.”

“अरे बाबा, ही दाराशी लागणार. गिऱ्हाईक दार उघडेल तेव्हा त्याच्या नाकासमोर हीच असणार.”

मी इत्सेलला कडेवर घेऊन तिथेच उभी होते. नोएनं स्वतः एक फळ उचललं, थर्मामीटर खुपसला, बराच वेळ धरून ठेवला आणि पुसून खिशात टाकला.

“किती?” मी विचारलं.

“उतरेल वाटेत.”

“वाटेत उतरत नाही, नोए. तुला माहितेय.”

“तू आता मला ट्रक चालवायला शिकव.”

“आज रात्र थांबलास तर काय होईल?”

“शुक्रवारी पोचेन. मग मंगळवारी घरी. म्हणजे आमांना सोमवारी परत जावं लागेल.” तो आवाज खाली आणून म्हणाला, “एका रात्रीसाठी त्यांना आणखी एकदा त्या खुर्चीत नाही बसवणार मी.”

बरोबरच होतं त्याचं. आणि चूकही होतं, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. चुयनं खांदे उडवले, चार पॅलेट चढवली, दारं लागली, सील बसलं. नोएनं सही केली. इत्सेलच्या डोक्याचा मुका घेतला तेव्हा त्याच्या मिशांना स्ट्रॉबेरीचा वास येत होता.

सोमवारी आमा मशीनवर गेल्या. बुधवारी गेल्या. इत्सेलला पाळण्यासकट उचलून मी त्यांना न्यायची आणि बाहेरच्या खोलीत बसायची. आतलं दार उघडलं की बघायची. त्यांच्या खुर्चीकडे नर्स पळत गेली की समजायचं. बुधवारी दोनदा पळाली. नोए तेव्हा टेनेसीत होता, जेवायला थांबला होता. परतताना आम्ही गाडीत बसलो आणि त्याचा फोन आला, तर आमांनी माझ्या हातातून काढून घेतला.

“मी? मजेत. राणीसारखी खुर्चीत बसते, चार बायका माझ्यामागे पळतात. तू नीट जेव.”

मला परत देताना फोन त्यांच्या बोटांतून निसटून माझ्या मांडीवर पडला.

गुरुवारी सकाळी मी इत्सेलला भात भरवत होते. फोनवर नोएचा आवाज ऐकला आणि चमचा खालीच राहिला.

“नाही घेतला.”

“काय नाही घेतलं?”

“माल. दार उघडलं, मागच्याच पॅलेटवरची पेटी काढली. बुरशीचे केस आलेत. राखाडी. दुसरी काढली, तिच्यातही.”

“मागची चारच ना? पुढचा माल चांगला आहे ना?”

“तो बघायला ते कशाला आत जातील? बाजारात सगळ्यांनीच माल ओतलाय, भाव पडलाय. भाव पडला की गिऱ्हाईकाला सगळं दिसायला लागतं. अख्खा ट्रेलर परत लावला.”

“मग तू निघ.”

“कसा निघू? माल कुणाचा ते ठरलेलं नाही. पाठवणारा म्हणतो ट्रकवाल्यानं खराब केला, गिऱ्हाईक म्हणतं माझा नाहीच. सरकारी तपासनीस येऊन बघेल, कागद देईल, मग ठरेल. तोवर मी यंत्र चालू ठेवून बसायचं. सोडून गेलो तर उद्यापासून मला कोण ट्रेलर देईल?”

“तपासनीस कधी येतो?”

“उद्या म्हणतात.” पलीकडे कुणीतरी त्याला ट्रक पुढे घे म्हणून ओरडत होतं. “आमांना सांगू नकोस, येसेनिया.”

सांगावं लागलंच नाही. आमा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “अडकला?” एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि परत आत जाऊन पडल्या.

शुक्रवारी तपासनीस आला नाही. बर्फ पडलं होतं म्हणे, माणसं कमी होती. शनिवार-रविवार कोण येणार? माल लावून देणारा दलाल, डग नावाचा, तो नोएला दर वेळी ‘बघतो, बघतो’ म्हणायचा, आणि नोए बाजाराबाहेरच्या गल्लीत बर्फात ट्रक उभा करून बसला होता. कधी डग म्हणायचा, जवळच्या गावातला कुणीतरी जॅम करायला घेणार आहे. मग तो नाही म्हणाला. मग म्हणे दान देऊ. दान घेणाऱ्यांनीही पेटी उघडून नाक मुरडलं. दर दोन-तीन तासांनी त्याचा फोन यायचा आणि दर वेळी त्याच्या आवाजात नवी आशा किंवा नवी शिवी असायची. वाट बघण्याला ठराविक शेवट असेल तर माणूस शांत बसू शकतो. इथे कुठल्याही क्षणी ‘हो, निघ’ येऊ शकत होतं, म्हणून तो धड झोपतही नव्हता.

शुक्रवारची खुर्ची वाईट गेली. ती कशी गेली ते मी लिहिणार नाही. मधेच मशीन थांबवून त्यांना पाय वर करून झोपवलं, आणि परत चालू केलं. घरी येताना गाडीत त्या एकदाच बोलल्या.

“सोमवारी पण जायचं ना?”

“तुमचं तुम्ही ठरवा, आमा.”

“माझं कसलं? त्याला शब्द दिलाय.”

मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर इत्सेल आणि आमा, दोघींची मान एकाच बाजूला कललेली, दोघी झोपलेल्या. मला सवय आहे, मी सारखी इत्सेलचा श्वास बघते. त्या दिवशी सिग्नलला थांबून मी दोघींचा बघितला.

रविवारी दुपारी नोएचा फोन आला तेव्हा आमा झोपल्या होत्या. मी अंगणात गेले.

“तपासनीस उद्या नक्की,” तो म्हणाला. “फार तर मंगळवार. मग सुटलोच. मंगळवारी निघालो तर शुक्रवारी रात्री घरी. तेवढं त्यांना सांग ना. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बस, तीन.”

“तीन?”

“शुक्रवारची खुर्ची कशी गेली? मला म्हणाल्या, छान.”

मी सांगितलं. पाय वर केलेले, नर्सनं नाव घेऊन मारलेल्या हाका, उलटी, मला ओळखलं नाही ती दोन मिनिटं, घरी येताना विचारलेला प्रश्न. सगळं. मला वाटलं होतं तो मध्ये थांबवेल. थांबवलं नाही.

“फोन त्यांच्याकडे दे,” तो म्हणाला.

“झोपल्यात.”

“उठव.”

मी उठवलं. फोन मोठ्या आवाजावर टाकून त्यांच्या छातीवर ठेवला, कारण त्यांच्या हातात तो राहत नव्हता.

“आमा, उद्या जाऊ नका.”

त्यांचे डोळे उघडले. “आलास?”

“नाही. बॉस्टनलाच आहे.”

“मग?”

“तरीपण जाऊ नका. बुधवारी पण नाही.”

त्या छताकडे बघत राहिल्या. “माल काय झाला?”

“सडला.”

“सगळा?”

“मागची चार पॅलेट आधी. आता त्यांच्यामुळे सगळाच.”

आयुष्यभर फळं निवडलेल्या बाईला आणखी सांगायची गरज नव्हती. “गरम चढवलास,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“घाई केलीस.”

“हो, आमा.”

“माझ्यासाठी?”

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

“गाढवा,” आमा म्हणाल्या. इतक्या मायेनं त्यांनी त्याला कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. मग म्हणाल्या, “तुझी मी वाट बघेन. पण वाट बघणं माझ्या हातात आहे, थांबणं नाही. कळतंय ना तुला?”

“कळतंय.”

“मग रडू नकोस. तिकडे बर्फ आहे म्हणतात, गोठेल तोंडावर.”

सोमवारी सकाळी न्यायचं नाही म्हणून मी डायलिसिसच्या केंद्राला कळवलं. आमा ऊन खोलीत येईपर्यंत झोपल्या. उठल्यावर पाणी मागितलं. इतकी वर्षं घोट मोजून प्यायल्या होत्या, आता मोठा ग्लास भरून, बर्फ घालून. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो संपवला आणि डोळे मिटून म्हणाल्या, “अहाहा! हे तुमच्या स्वर्गात मिळतं का बघायला हवं.” मग संत्रं खाल्लं. त्यालाही मनाई होती. एक फोड त्यांनी इत्सेलला दिली. तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसरी मागितली.

त्या दोन-तीन दिवसांत शेजारच्या बायका येऊन गेल्या. आमा सगळ्यांना विचारत होत्या, नोए कुठवर आला. मंगळवारी कागद झाला. संपूर्ण माल फेकण्याजोगा. नोएनं तो कचऱ्याच्या मैदानात नेऊन ओतला. “चिखल लालभडक झाला होता,” एवढंच तो म्हणाला. आणि मग तो निघाला.

मी फोनवरच्या नकाशात त्याच्या ट्रकचा ठिपका बघत बसे. तो झोपायला थांबला की मलाही झोप लागे. बुधवारी रात्री तो अलाबामाच्या अलीकडे झोपला. आमांचे पाय तोवर सुजले होते, बोलणं पुसट झालं होतं. गुरुवारी सकाळी मी त्यांना कापसानं पाणी पाजलं. घरी येणारी नर्स, मिसेस त्रेविन्यो, मला बाजूला घेऊन म्हणाली, “आज-उद्या, पोरी. उद्याचं नक्की नाही.”

ऊन कलायच्या सुमाराला आमा गेल्या. इत्सेल त्यांच्या पायथ्याशी चादरीचं टोक चावत होती. मी श्वास बघत होते, म्हणून मला नक्की कळलं तो कुठला होता.

मिसेस त्रेविन्योनं त्यांचे डोळे मिटले. “मुलाला सांगितलंस?”

“चालवतोय.”

“सांगावं तर लागेल.”

“थांबला की.”

ठिपका लुईझियानात होता, दलदलीवरच्या त्या लांबलचक पुलावर. दोन्हीकडे पाणी, ट्रक बाजूला घ्यायला जागा नाही. मी मनात म्हणत होते, आता फोन करू नकोस, पलीकडे पोच, डिझेल घे, तेव्हा कर. आणि फोन वाजला.

“काय करतायत?” त्याच्या आवाजामागे वारा होता.

“झोपल्यात.” माझं मलाच आश्चर्य वाटलं, इतका साधा आवाज निघाला.

“पाणी प्यायल्या?”

“सकाळी.”

“कानाशी धर ना जरा. बोलतो.”

मिसेस त्रेविन्यो माझ्याकडे बघत होती. मी फोन आमांच्या कानाशी धरला.

“आमा, पूल लागलाय. म्हणजे ह्यूस्टन आलंच. उद्या रात्री घरी. आवाज ऐकताय ना? रिकामा ट्रेलर कसा उड्या मारतोय बघा. रिकाम्याचं हे असंच.” थोडं थांबून तो म्हणाला, “मी येतोय हं.”

मी फोन परत माझ्या कानाला लावला.

“ऐकलं का त्यांनी?”

“नोए, पुलाच्या पलीकडे ट्रक थांबवायची जागा आहे ना?”

“आहे. का?”

“तिथे थांब. थोडं खाऊन घे.”

“भूक नाहीये मला. थांबलो तर उद्याचा...” पुलाच्या सांध्यांवरून चाकं जात होती, धड, धड, धड, एकाच अंतरानं. “येसेनिया.”

“थांबल्यावर.”

“सांग ना.”

“आधी थांब. दोन्ही हात चाकावर ठेव.”

त्यानं खोल श्वास घेतलेला मला ऐकू आला. “पूल खूप लांब आहे अजून,” तो म्हणाला.

“असू दे,” मी म्हणाले. “मी आहे.”

इत्सेल रडायला लागली, मिसेस त्रेविन्योनं तिला उचललं. मी पलंगाच्या कडेवर बसून राहिले. फोन दोघांनीही ठेवला नाही. धड, धड, धड. मी ऐकत होते, चाकं कधी हळू होतात.